पत्र्यावरचे दगड

टीव्हीवर पुन्हा तो पांढरा गोल आला आहे. वैशाख लागला की येतो. निळ्या समुद्रावर पिंजलेला कापूस ठेवल्यासारखे ढग, मधे एक भोक, आणि सगळं गरगर फिरत असतं. बोलणारी मुलगी हसून सांगते, वादळ इकडे सरकेल किंवा तिकडे. हसण्यासारखं त्यात काय आहे ते मला कळत नाही. मी चौथीपर्यंत शिकले आहे, नकाशा वाचता येतो. मुंबई कुठे, परभणी कुठे, मधे जमीन किती, ते दिसतं. एवढी जमीन असताना समुद्रातल्या वाऱ्यानं आमच्यापर्यंत यायला नको. पण येतं.

तो गोल दिसला की आमच्या वस्तीत माणसं वर बघायला लागतात. आभाळाकडे नाही, आपापल्या पत्र्याकडे. बायका अंगणात उभ्या राहून मान वर करून दगड बघतात. हा सरकला का, तो कडेला आला का. शेजारची सखू तर शिडीच लावते. तिचा नवरा खालून ओरडतो, "उतर, पडशील!" ती वरून म्हणते, "मी पडले तर तुमी झेला, दगड पडला तर कोन झेलंल?"

ज्यांच्या घराला स्लॅब आहे त्यांना हे सांगावं लागेल. आमच्याकडे पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. ओढ्यातले काळे, चपटे बघून आणायचे. गोल दगड ठेवायचा नाही, तो घरंगळतो. फुटलेल्या जात्याची तळी लय कामाची, ती बसली की हलत नाही. कुणी जुनं टायर ठेवतं, कुणी वाळूचं पोतं. पण टायर उन्हानं फाटतं आणि पोतं कुजतं. दगडाला काही होत नाही.

वैशाली, माझी सून, लग्न होऊन आली तेव्हा तिनं विचारलं होतं, "आत्या, खिळे का मारत न्हाईत?" मी म्हणाले, खिळा मारला की पत्र्याला भोक पडतं, भोक वाढत जातं, मग पावसाळाभर खाली पातेली मांडत बसावं लागतं. शिवाय आमची माणसं दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायची, ती पत्रे काढून घरात रचून जायची. परत आली की पुन्हा चढवायची. दरवर्षी काढायच्या घालायच्या वस्तूला कुणी खिळा मारत नाही. दगड उचलला की पत्रा मोकळा. आमच्या सासऱ्यांनी तेच केलं, आम्हीही तेच केलं. आता ऊस तोडायला जाणारी घरं कमी झाली, पत्रे बारा महिने वरच असतात, पण दगडांची सवय राहिली.

वैशाली बारावी झालेली आहे, अंगणवाडीत शिकवते. तिला मी एकदा विचारलं, हे वादळ होतं कसं. भाकरी थापत होते मी. ती म्हणाली, "आत्या, चूल पेटली की धूर वर जातो, आन खालून वारं आत ओढलं जातं की न्हाई?"

"जातं."

"तसंच हाय. उन्हानं समुद्र तापतो. पाण्याची वाफ होती, ती वर जाती. खाली जागा रिकामी पडली की चारी बाजूनं वारं धावतं. पृथ्वी फिरायलीय, म्हनून वारं सरळ जात न्हाई, वळतं. वळून वळून गोल फिरतं. वर गेलेल्या वाफेचा पाऊस होतो, तवा तिच्यातली ऊब सुटती. त्या उबेनं आनखी वारं वर ओढलं जातं. खाली गरम पानी हाय तवर ते वाढतच जातं."

"आन जमिनीवर आलं की?"

"मग मरतं. खालचं पानी तुटलं ना."

"मरतं, तर आपल्याकडं काय येतं?"

"ओलं वारं येतं. आपली जमीन तापून तवा झालेली असती. त्या तव्यावर ओलं वारं आलं की हितंच ढग चढतात, आन हितंच फुटतात."

"म्हंजे समुद्र नुसतं जळण धाडतो. चूल आपलीच."

ती हसली. मग म्हणाली, आपल्या बाजूचा समुद्र पूर्वी बराच गप असायचा, आता तो जास्त तापतो, म्हणून जास्त उठतो. कोण तापवतं म्हणून मी विचारलं. सगळ्या दुनियेचा धूर, म्हणाली. त्यात आपल्या चुलीचा किती, विचारलं. लय थोडा, म्हणाली. मी भाकरी उलटली. विचारायचं ते विचारून झालं होतं.

समुद्र मी एकदाच पाहिला. सहा डिसेंबरला आम्ही बाया मिळून दादरला गेलो होतो, तेव्हा. माझी धाकटी जाऊ कौसा बरोबर होती. रांगेत उभं राहून, दर्शन घेऊन झाल्यावर आम्ही वाळूत गेलो. कौसानं लुगडं जरा वर धरलं, पाण्यात पाय घातले, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. "बाई, हे तर खारट हाय! एवढं पानी, आन कशाला काय उपेगी न्हाई." लाटा बारक्या होत्या. पायाला लागून परत जायच्या, मांजर अंग घासून जातं तशा. हेच पाणी कधी उठून बसेल असं वाटण्यासारखं काही नव्हतं त्यात. कौसा म्हणाली, "आपल्या गोदावरीला पूर आल्यावर जसं भ्या वाटतं तसं हितं वाटत न्हाई." मी म्हणाले, "मग राहती का हितंच?" ती म्हणाली, "ऱ्हाते की. तुमच्या दिराला कोन बघंल, तेवढं सांगा."

माझा धाकटा दीर किसन. विहिरी खोदायचा. अंगानं दांडगा. एका सकाळी उठला तर उजवी बाजू गेलेली, लकवा. बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत राहिलं. परभणीच्या दवाखान्यात राहून आला, बसता येईल म्हणाले होते, पण तो बसला नाही. तेव्हापासून खाटेवर. कौसानं त्याला दोन पोरं असल्यासारखं सांभाळलं, एक अंगानं मोठं आणि एक रागानं. तो चिडायचा, डाव्या हातानं ताटली ढकलायचा. ती ताटली उचलून पुन्हा समोर ठेवायची आणि म्हणायची, "ढकला, अजून ढकला. डाव्या हाताला येवढीच ताकद हाय, ती बी संपवा." मग तो हसायचा. त्याचं तोंड एका बाजूनंच हसायचं.

त्या वर्षीचा वैशाख मला आजही अंगावर जाणवतो. हवा हलत नव्हती. घाम वाळत नव्हता. परभणीचं ऊन आम्हाला नवं नाही, पण ते कोरडं असतं, त्यात माणूस करपतो आणि सावलीत बसला की बरा होतो. त्या वर्षी सावलीतही चिकचिक. वाळत घातलेले पापड कडेनं मऊ पडायचे. म्हशी दुपारभर जीभ बाहेर काढून उभ्या. टीव्हीवर गोल फिरत होता आणि किनाऱ्यावरच्या लोकांना शाळांमधून नेऊन बसवत होते. रांगेनं बाया, पोरं, कोंबड्या. वाईट वाटलं बघून. पण आज लिहिते तेव्हा वाटतं, त्यांना निदान कुणीतरी सांगत होतं, उठा, इथून चला. आम्हाला कोण सांगणार? वादळ आमच्याकडे येतच नसतं. त्याचं शेपूट येतं, आणि शेपटाची बातमी नसते.

पहिल्या दिवशी नुसतं वारं आलं. धुळीचा लोट देवगाव फाट्याच्या बाजूनं उठला आणि वस्तीवरून गेला. पाऊस नाही. पण कौसाच्या पत्र्यावरचा एक दगड घरंगळला, दोन पत्र्यांच्या फटीतून आत आला आणि किसनच्या उशीशेजारी पडला. खाटेची सुतळी तुटली. किसनचं डोकं वीतभर लांब होतं. त्याला मान वळवून तो दगड बघतासुद्धा आला नाही, नुसता आवाज ऐकला त्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसा शिडी लावून वर चढली. खाट होती त्या बाजूचे सगळे दगड तिनं उचलले. खाली टाकावेत तर पत्रा उडणार. म्हणून ते तिनं पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवले, तिकडच्या पत्र्याची कड इकडच्यावर चढलेली, ती दाबली की हाही राहील म्हणून. पलीकडे चूल होती.

सखूनं खालून हटकलं, "काय गं कौसा, चुलीवर येवढा भार? चुलीवर कुनी रुसलं का काय?"

कौसा वरूनच म्हणाली, "माझ्या मालकाला पळता येत न्हाई. मला येतंय."

मी तिथंच होते. मला ते बरोबर वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. त्यात चूक काढण्यासारखं काय होतं? जो हलू शकत नाही त्याच्या डोक्यावरचं वजन काढावं, जो हलू शकतो त्याच्या डोक्यावर ठेवावं. खाट तिकडे सरकवावी तर तिथं चूल, निखारे, धूर. घर केवढं ते. कुठलीतरी एक बाजू जड होणारच.

वारं त्याच दिवशी दुपार कलताना आलं. आधी उजेड पिवळा झाला, मग मातकट. पाखरं एकदम गप्प झाली. वैशाली म्हणते तसं आमच्याच तव्यावर चढलं असेल ते. मी माझ्या दारात होते, दार आतून दाबून धरलं होतं. फटीतून कौसा दिसली. ती बाहेर होती, शेळी सोडवायला आली होती. बाहेर होती ती. शेळी सुटली, पळाली. कौसाही पळू शकली असती, स्लॅबची शाळा तिथून लांब नाही. पण ती आत गेली. वारं सुटलं की आमच्याकडे बाई पहिल्यांदा चूल विझवते. निखारा उडून वाकळेवर पडला तर घर जळतं, आणि त्या घरात हलू न शकणारा माणूस होता.

ती चुलीपाशी वाकली असेल तेव्हा हलका पत्रा गेला. किसनच्या डोक्यावरचा. कागदासारखा वर गेला आणि दिसेनासा झाला. घर एका बाजूनं उघडं पडलं, वारं आत शिरलं, आणि आतून वर दाबायला लागलं. पलीकडचे पत्रे उचलले गेले, तिरके झाले. त्यांच्यावरचे दगड खाली आले.

मी गेले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. किसन उघड्यावर पडला होता, तोंडावर पाणी पडत होतं आणि डोळे मिटत नव्हते. त्याला ओरखडाही नव्हता. चूल विझली होती.

मी रडले का, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. तेव्हा वेळ नव्हता. किसनला ओल्या खाटेवरून उचलायचं होतं, कौसाला झाकायचं होतं. विजेचे खांब आडवे झाले होते, गिरणी बंद, नळ बंद. वस्तीत कुठं पत्रा होता, कुठं नव्हता. ज्यांच्या घरी पत्रा होता त्यांनी चूल पेटवली आणि सगळ्यांना पिठलं केलं. आंबे एवढे पडले होते की पोरं तुडवत होती. कौसाला नेलं त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि गार हवा सुटली होती. लोक म्हणत होते, बरं झालं, उकाडा गेला.

पेपरात एका ओळीत आलं. वादळाचं नाव होतं, चांगलं दोन अक्षरी, ऐकायला गोड. त्याच्या पुढं लिहिलं होतं, दगड पडून एक महिला ठार. वादळांना नावं ठेवतात, आधीच यादी करून ठेवतात म्हणे, सगळे देश मिळून. ठेवोत. पण मग बाईलाही ठेवायला काय हरकत होती, तिला तर आधीपासूनच होतं.

किसन तेव्हापासून माझ्याकडे आहे. माझ्या मुलानं आमच्या पत्र्याला लोखंडी अँगल आणि हूक लावले. एक जण म्हणाला, आता काही होत नाही. तर पुढच्याच वर्षी वालूरच्या रस्त्यावर एकाचं छप्पर अँगलसकट गेलं, शेतात जाऊन पडलं, हूक जागच्या जागी. दुसरा म्हणाला, स्लॅब घाला. जणू स्लॅब घालायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. दगड ठेवले तर दगड पडतो, काढले तर पत्रा उडतो. तिसरं काय करायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी विचारणं सोडून दिलं आहे. विचारलं की माणसं आपल्याकडे असं बघतात की जणू आपणच वारं सोडलं.

किसन त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही. या वर्षीपर्यंत नाही.

परवा पुन्हा तसंच झालं. हवा चिकट, उजेड पिवळा. मुलगा गंगाखेडला गेलेला. वैशाली शाळेतल्या अंगणवाडीत. तिचा फोन आला, "आत्या, वस्तीतली सगळी हिकडं शाळेत यायलीत. तुमी बी निघा."

"किसनला कसं आनू?"

म्हणाली, "मी येते."

"तिथं पोरं हायेत ना तुझ्याकडं? मग तिथंच ऱ्हा."

वस्तीतले बाप्ये तेव्हा रानात होते. सखू दारावरून पळत गेली, तिच्या काखेत नात होती. "चल गं!" म्हणून ओरडली आणि उत्तराला थांबली नाही. थांबायला नकोच होतं.

किसन म्हणाला, "वैनी, तू जा."

"गप पड."

"जा म्हंतोय ना. मी काय, असाबी पडलेलाच हाय."

मी खाट ओढायला घेतली. पाण्याचा हंडा मला आता उचलत नाही, खाट काय ओढणार. पण जमीन शेणानं सारवलेली गुळगुळीत होती, खाटेचे पाय सरकले. दारापर्यंत आणली. दाराला लाकडी चौकट आहे, जाड, सासऱ्यांच्या वेळची, तिच्यावर भिंत आहे. पत्रा पडला तरी चौकटीखालचं माणूस वाचेल असा माझा अंदाज. खाट दारातून पुरती बाहेर जाईना, पायथ्याकडं रुंद होती. निम्मी चौकटीत अडकली. किसनचं डोकं आणि छाती चौकटीखाली आली, पाय आत राहिले. तेवढीच जागा. दुसऱ्या माणसाला तिथं उभं राहायलाही जागा नाही, आणि दार आता खाटेनं बंद.

मी खाटेच्या पायथ्याशी बसले, आत, पत्र्याखाली.

त्याच्या ते लक्षात आलं. त्याला मान वळवता येत नाही, पण आवाज कुठून येतो ते कळतं. म्हणाला, "तू आत का बसलीस?"

"मग कुठं बसू? तुझ्या छातीवर?"

मग म्हणाला, "तिला बी मी जा म्हनलो होतो. त्या दिशी. दगड हलवू नको बी म्हनलो होतो. मला म्हनली, तुमाला काय कळतंय वरचं, तुमी विहिरीतले." आणि तो तोंडाच्या एका बाजूनं हसला का रडला, ते मला पायथ्याकडून दिसलं नाही.

मग वारं आलं.

त्याचं वर्णन काय करायचं. पत्रा वाजतो, इतका की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. धूळ तोंडात जाते. पत्रा वर उचलला जातो, खाली आपटतो, पुन्हा उचलला जातो, आणि दर वेळी वाटतं, हे शेवटचं. मी किसनचे पाय धरून बसले होते. धरून काय उपयोग होता ते मला माहीत नाही, हाताला काहीतरी धरायला लागतं. मनात देव नाही, बुद्ध नाही, काही आलं नाही. कौसा पाण्यात बोट बुडवून थुंकली ते तेवढं आलं.

आमचा पत्रा राहिला. सखूचा गेला. माझ्या आणि तिच्या घरात एक बोळ आहे, बैलगाडी जाईल न जाईल एवढा. वाऱ्यानं मधल्या मधे कसं ठरवलं, मी सांगू शकत नाही. तिचं चुकलं नव्हतं, माझं बरोबर नव्हतं.

संध्याकाळी शाळेतल्या टीव्हीवर सांगितलं म्हणे, वादळ किनाऱ्याला न लागता समुद्रातच विरलं, धोका टळला. सखूचा पत्रा तेव्हा बाभळीत अडकला होता.

आज सकाळी बाप्यांनी तो काढून आणला, ठोकून सरळ केला, वर चढवला आणि कामाला गेले. दगड राहिले होते. सखू शिडीवर चढली. मी खालून एकेक देत होते. जात्याची तळी दिली तेव्हा सखू ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून थांबली आणि खाली बघून म्हणाली, "कुठं ठिवू गं?"

मी आत नजर टाकली. भिंतीकडे तिचा नवरा झोपतो. कोपऱ्यात पोरगी, बाळंतपणाला आलेली. मधे नातीची झोळी. दाराशी सखू स्वतः.

"बोल की, हात भरून यायलाय माझा."

मी वर बघत राहिले. शेवटी जिथं हात पोचला तिथं तिनं ती ठेवली.